वर्गात नेट आणि प्रोजेक्टर आहे, पण तासाला त्याचा खरा उपयोग कसा करता?

निळीशाई (धागाकर्ती)

एका तासाने मला फार विचारात पाडलंय, म्हणून हा धागा काढतेय.

मी माध्यमिकला विज्ञान शिकवते. विद्युतधारेचा धडा चालू होता. एका बॅटरीला दोन सारखेच बल्ब एकसर जोडणीत (एकाच तारेवर एकापुढे एक) लावले, तर कुठला जास्त उजळेल? प्रश्न एवढाच. दरवर्षी मी फेटचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी प्रयोग, पडद्यावर लावते. (कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी 2002 साली सुरू केलेला. फुकट आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशनं मराठीतही आहेत.) दोन्ही बल्ब सारखेच उजळतात, मुलं 'हो बाई' म्हणतात, वहीत उतरवून घेतात. आणि परीक्षेत कितीतरी जण 'पहिला बल्ब जास्त उजळेल' असं लिहून मोकळे होतात.

यंदा मी पडदा बंदच ठेवला. आधी प्रत्येकाला ऑनलाइन फॉर्मवर उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायला सांगितलं. दोघांत एक टॅबलेट होता, म्हणून आधी एकाने भरायचं, मग दुसऱ्याने. उत्तरं माझ्या लॅपटॉपवर एकेक येत गेली. निम्म्याहून जास्त मुलांनी पहिला बल्ब निवडला होता. आणि कारणं? 'पहिला बल्ब करंट वापरून टाकतो.' 'दुसऱ्यापर्यंत उरलेलाच करंट पोचतो.' एकाने लिहिलं होतं, 'करंट थकतो.'

इतकी वर्षं समोर बसणाऱ्या मुलांच्या डोक्यात हे होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मग सिम्युलेशन उघडलं. 9 व्होल्टची बॅटरी, 10 ओहमचे दोन बल्ब. अमीटर (करंट मोजायचं यंत्र) पहिल्या बल्बच्या अलीकडे लावला, 0.45 अँपियर. दोघांच्या मध्ये लावला, 0.45. दुसऱ्याच्या पलीकडे, बॅटरीकडे परत जाणाऱ्या तारेत लावला, तिथेही 0.45. वर्ग एकदम गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, 'बाई, एक बल्ब काढून तिथे नुसती तार जोडा ना.' जोडली. 0.90 झालं. पुढची वीस मिनिटं मुलंच एकमेकांशी वाद घालत होती आणि मी फक्त ऐकत होते.

सिम्युलेशन जुनंच होतं, प्रोजेक्टरही जुनाच. बघण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर लिहून दिलं होतं, एवढाच काय तो फरक. तेव्हापासून कुठलंही नवं ॲप पुढ्यात आलं की मी एकच बघते: तास संपायच्या आत मुलांच्या मनातलं मला यातून कळणार आहे का? कळणार असेल तर त्यावर वेळ घालवते. नसेल तर कितीही देखणं असो, सोडून देते.

तुम्ही काय वापरता, कसं वापरता, आणि वापरून सोडून काय दिलंत, हे सविस्तर लिहाल का? नुसत्या ॲपच्या नावांची यादी नको. तासात काय घडलं ते वाचायचंय.

अर्धविराम

फार छान लिहिलंत ताई. तुम्ही जे केलंत त्याच्याच जवळपासची पद्धत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1991 पासून वापरली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं धडाधड सोडवायचे, पण साधा संकल्पनेचा प्रश्न विचारला की गडबडायचे. मग त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा मत द्यायचं. सुरुवातीला हे सगळं हात वर करून नि कागदी कार्डांवर चालायचं, क्लिकर (बटण दाबून मत द्यायची छोटी यंत्रं) नंतर आले.

मी कॉलेजात हेच करतो. एक गोष्ट अनुभवाने सांगतो: पहिल्या मतदानाचा आलेख मुलांना लगेच दाखवू नका. दाखवला की सगळे उंच खांबाकडे सरकतात आणि चर्चा तिथेच संपते. आलेख आपण एकट्याने बघायचा. जवळपास सगळ्यांचंच बरोबर असेल तर पुढे जायचं, फारच थोड्यांचं बरोबर असेल तर पुन्हा शिकवायचं. वर्ग मधोमध फुटलेला असेल तेव्हा खरी मजा येते. तेव्हा मी 'शेजाऱ्याशी बोला' म्हणतो आणि बाजूला होतो.

शून्यापासून

आमच्या वर्गात मुलांकडे एकही यंत्र नाही. माझा एक फोन आहे, तेवढाच. तरी गेली चार वर्षं रोज मतदान घेतो, कारण प्लिकर्स या मतदानाच्या ॲपला तेवढाच फोन पुरतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड. त्यावर काळ्या चौकोनांची एक आकृती असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपलं उत्तर ज्या बाजूला आहे ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून हळू फिरवतो आणि कुणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. दरेक कार्डाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. कार्डं चकचकीत प्लास्टिकमध्ये घालू नका, उजेड चमकला की कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत. जाड साध्या कागदावर छापा. आणि बोटं काळ्या भागावर येऊ द्यायची नाहीत, हे पहिल्या दिवशी दोनदा करवून घ्या.

पण कार्डांपेक्षा प्रश्न कसा बेतायचा यात माझा जास्त वेळ जातो. ताईंच्या 0.45 वरून आठवलं म्हणून दशांश अपूर्णांकांचंच उदाहरण देतो.

सर्वांत मोठी संख्या कोणती? 0.45, 0.5, 0.405, 0.054.

0.405 निवडणारा मुलगा टिंबानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचतोय. त्याच्या लेखी चारशेपाच पाचापेक्षा मोठेच. हे बहुतेक शिक्षकांना ठाऊक असतं. घोळ पुढे आहे. 0.5 निवडणाऱ्या सगळ्यांना समजलंय असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. त्यातल्या काहींच्या डोक्यात असतं, 'जितके आकडे जास्त तितकी संख्या लहान, कारण हजारांश दशांशापेक्षा लहान.' अशा मुलाला 0.5 मोठं वाटतं, उत्तर बरोबर येतं, आणि आपण पुढे जातो. म्हणून लगेच दुसरा प्रश्न टाकतो: 0.35 मोठं की 0.3? आता हाच मुलगा 0.3 निवडतो आणि सापडतो. मेलबर्नमधल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी मुलांच्या अशा समजुतींवर पुष्कळ काम केलंय, मला ही दिशा तिथूनच मिळाली.

दोन प्रश्नांना मिळून चार मिनिटं लागतात. कोणाला संख्यारेषेवर बसवायचं आणि कोणाला स्थानिक किमतीचा तक्ता द्यायचा, ते त्याच तासाला ठरतं. घटक चाचणीचे पेपर तपासून हे कळेपर्यंत धडा कधीच मागे पडलेला असतो.

वाचनमात्र

दशांशाची जोडी लिहून घेतली. उद्याच वापरते.

काळाफळा

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

हे सगळं पाटीवर होतं. प्रत्येकाने उत्तर लिहायचं, 'तीन म्हटलं की पाट्या वर', आणि दहा सेकंदांत अख्खा वर्ग डोळ्यांसमोर. लॉगिन नाही, चार्जिंग नाही, 'सर, माझं उघडत नाही' नाही. मागे मी एक प्रश्नमंजुषेचं ॲप आणलं होतं. पटकन उत्तर देणाऱ्याला त्यात जास्त गुण. दोन आठवड्यांत वर्गाला प्रश्न न वाचता बटण दाबायची सवय लागली. एक मुलगी, जी संथ पण पक्का विचार करते, ती यादीत कायम तळाशी दिसायला लागली. एके दिवशी ती म्हणाली, 'सर, मला गणित येत नाही.' त्या दिवशी ते ॲप मी काढून टाकलं. ती यादी मी रोज तिच्यासमोर मोठ्या पडद्यावर लावत होतो, याचं आजही वाईट वाटतं.

शिक्षणातल्या माध्यमांचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्ये म्हटलं होतं की माध्यम हे माल पोचवणाऱ्या वाहनासारखं, वाहन बदलल्याने मालाचा कस बदलत नाही. मला ते पटतं. निळीशाई ताईंच्या तासाला जे घडलं त्याचं श्रेय त्यांच्या प्रश्नाला आहे, फॉर्मला नाही.

निळीशाई

काळाफळा सर, राग कसला? त्या मुलीचं वाचून मीही थांबले. किती पटकन उत्तर दिलं यावर गुण देणारं काहीही मी वर्गात आणत नाही, आता तर कधीच आणणार नाही. अशा बऱ्याच साधनांत वेळेची अट आणि गुणांची यादी बंद करायची सोय असते, ती शोधून बंद करा असं सगळ्यांनाच सांगेन.

पाटीचं म्हणणं मान्य. आकृती किंवा समीकरण हवं असेल तेव्हा मीही पाट्याच वापरते. दोन ठिकाणी मात्र मला फॉर्म लागतो. एक, कारणं. पाटीवर 'पहिला' एवढंच लिहिलं जातं, 'करंट थकतो' हे पाटीवर कधी आलं नसतं, शिवाय सगळ्यांसमोर ते वर धरायची त्या मुलाची हिंमतही झाली नसती. मी नावं फक्त स्वतःला दिसतील अशी ठेवते आणि वर्गासमोर वाचताना कुणाचं ते सांगत नाही. दुसरं, नोंद. पाटी पुसली की गेलं. फॉर्ममधला प्रश्न मी तीन आठवड्यांनी तसाच पुन्हा टाकू शकते आणि कोण बदललं, कोण तिथेच आहे ते शेजारी शेजारी दिसतं.

आठवून लिहिण्याचा फायदा निव्वळ मोजमापापुरता नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी वाचण्याऐवजी आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. म्हणून माझ्या दर सोमवारच्या तासाची सुरुवात मागच्या धड्यांवरच्या तीन प्रश्नांनी होते. त्याला गुण नसतात.

काळाफळा

कारणांचा मुद्दा पटला. नोंदीचाही. गुण नसलेली चाचणी करून बघतो.

धातूकाम

प्रयोगशाळेत काम करतो म्हणून एक विचारतो. खरे बल्ब का नाही लावत? सिम्युलेशनमध्ये सगळं आखीव असतं.

निळीशाई

लावते, पण नंतर. खरे बल्ब एकाच डब्यातले असले तरी तंतोतंत सारखे नसतात. एखादा किंचित जास्त उजळतो आणि मुलं लगेच म्हणतात, 'बघा, पहिलाच जास्त!' चुकीची समजूत आणखी घट्ट होते. आधी सिम्युलेशनमध्ये करंट बघून झाला की मग खऱ्या बल्बांची जागा अदलाबदल करायला सांगते. जास्त उजळणारा बल्ब दुसऱ्या जागी गेला तरी तोच जास्त उजळतो, म्हणजे फरक बल्बमधला आहे, जागेमुळे नाही, हे मुलं स्वतः शोधतात. 2005 साली कोलोरॅडोच्या गटाने एक अभ्यास छापला होता. त्यात सिम्युलेशनवर काम केलेले विद्यार्थी पुढे खरा परिपथ जोडण्यातही सरस ठरले होते. तरी तारा हाताने सोलल्याशिवाय माझा हा धडा संपत नाही.

पानांआड

मी इतिहास शिकवते. आमच्याकडे वेब हेच शिकवायचं साधन आणि तोच अभ्यासाचा विषय.

मुलांना 'नेटवर शोधा' म्हटलं की ती पहिला दुवा उघडतात आणि तिथलं पान वरपासून खालपर्यंत भक्तिभावाने वाचतात. पान देखणं असलं, पत्ता 'ऑर्ग'ने संपत असला, खाली संदर्भ असले की खरंच असणार. मी त्यांना पहिल्याच तासाला झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं संकेतस्थळ उघडून देते. 1998 पासून ते नेटवर आहे, सगळं बनावट, पण छायाचित्रं, अधिवास, 'हा प्राणी वाचवा' असं आवाहन, सगळं साग्रसंगीत. अमेरिकेत डोनाल्ड ल्यू या संशोधकाच्या गटाने सातवीच्या मुलांना ते दाखवलं होतं आणि मुलांनी त्यावर विश्वास ठेवला होता. माझ्या वर्गातही बहुतेक जण प्राण्याची माहिती वहीत उतरवायला घेतात.

मग एकच नियम शिकवते: पान उघडलं की एका मिनिटात त्यातून बाहेर पडायचं. नवे टॅब उघडायचे आणि या संकेतस्थळाबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायचं. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकच कामगिरी दिली होती. तथ्यतपासनीस सर्वांत लवकर आणि अचूक निष्कर्षाला आले, कारण ते पानावर रेंगाळतच नव्हते. वर्गात आम्ही याला 'आडवं वाचन' म्हणतो. उभं वाचन नंतर, पान भरवशाचं ठरल्यावर.

विकिपीडिया बंदी घालण्यासारखा नाही, उलट त्याचा 'इतिहास' टॅब (लेखात कुणी कधी काय बदललं याची नोंद) ही माझी सर्वांत लाडकी शिकवणी आहे. एखाद्या वादग्रस्त लढाईचा लेख उघडायचा आणि दोन जुन्या आवृत्त्यांची तुलना लावायची. कुणी 'बंड' शब्द काढून 'उठाव' घातला, कुणी परत बदलला, चर्चापानावर कुणी काय कारण दिलं. इतिहास कुणीतरी लिहीत असतं, हे मी वर्षानुवर्षं तोंडाने सांगत होते. हा टॅब उघडला त्या दिवशी मुलांनी ते स्वतः पाहिलं.

ऱ्हस्वदीर्घ

भाषेच्या तासालाही आवृत्त्यांचा इतिहासच कामी येतो. ऑनलाइन सामायिक दस्तऐवजात मुलं लिहितात आणि मी तयार निबंध बघण्याऐवजी तो कसा घडला ते बघते. एका मुलाने आजोबांवर लिहिताना पहिलं वाक्य अनेकदा खोडलं होतं. शेवटी राहिलं ते अगदी गुळगुळीत होतं, आणि खोडलेल्यांत एक जिवंत वाक्य होतं: 'आजोबा गेले तेव्हा त्यांचा चष्मा टेबलावरच होता.' मी तेवढंच वाक्य कॉपी करून शेजारच्या टिपेत डकवलं आणि लिहिलं, 'हे का काढलंस?' निबंध तिथून पुन्हा सुरू झाला.

2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून घरून लिहून आणलेल्या निबंधावर माझा भर राहिलेला नाही. आवृत्तीइतिहासावरून चोर पकडायला जाऊ नका, दुसरीकडचा मजकूर बघून टाइप करणं कुणालाही जमतं. मी लेखन वर्गातच घेते, रोज वीस मिनिटं.

वाचनमात्र

ऐन तासाला नेट गेलं तर काय करता? मी घाबरून काही सुरूच करत नाही.

शून्यापासून

नेट जाणारच आहे असं धरून तयारी करा. फेटची नवी सिम्युलेशनं एकेका फाइलच्या रूपात उतरवून ठेवता येतात आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. जिओजेब्रा हे गणिताच्या आकृत्या-आलेखांचं साधनही संगणकावर बसवता येतं. किविक्स नावाचं ॲप वापरून अख्खा विकिपीडिया पेनड्राइव्हवर ठेवता येतो, आणि कोलिब्री हे धड्यांचं सॉफ्टवेअर एका संगणकावर बसवलं की वर्गातल्या बाकीच्या यंत्रांना त्याच्यावरून धडे मिळतात, बाहेरचं नेट लागत नाही. आणि प्रश्न मात्र कायम वहीत लिहिलेला ठेवा. बाकी सगळं बंद पडलं तरी तो फळ्यावर लिहिता येतो.

धातूकाम

त्यात एक भर. माझा मुलगा पाहू शकत नाही, तो स्क्रीनरीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) शिकतो. शिक्षक प्रेमाने पीडीएफ पाठवतात, पण ती पानाचा फोटो असते. स्क्रीनरीडरला त्यात एकही अक्षर सापडत नाही, त्याच्यासाठी ते कोरं पान. कृपा करून मजकूर टाइप केलेला पाठवा, चित्राखाली दोन ओळींत काय आहे ते लिहा. पडद्यावर काही दाखवताना 'हे इथून इकडे गेलं' असं म्हणण्याऐवजी 'लाल रेघ वर गेली' असं म्हणा. एवढ्याने तो तासात सामील होतो.

पानांआड

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार. मी पाठवलेल्या सगळ्या फाइली आज तपासते.

खात्यांबद्दलही एक सांगते. बऱ्याच सेवांच्या अटींनुसार 13 वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं काढता येत नाही. वर्गासाठी साधन निवडताना मुलांना नाव-ईमेल न देता नुसत्या कोडने आत येता येईल असंच बघा, आणि नावाच्या जागी हजेरी क्रमांक घाला.

निळीशाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. पीडीएफची चूक माझ्याकडूनही होत होती, ती आजपासून बंद.

तीन आठवडे झाले म्हणून काल तोच फॉर्म पुन्हा दिला, फक्त या वेळी बल्ब तीन. बहुतेकांनी 'तिन्ही सारखे' लिहिलं. चार जण अजून पहिल्या बल्बवरच आहेत, त्यांना उद्या जवळ बसवून अमीटर त्यांच्याच हातात देणार आहे.

ज्याने 'करंट थकतो' लिहिलं होतं त्याचं उत्तर या वेळी बरोबर आहे. कारणाच्या जागी मात्र त्याने मलाच विचारलंय: 'करंट जातो तेवढाच परत येतो, मग बॅटरी का संपते?'

पुढचा अख्खा तास मी त्याच्या या प्रश्नाला देतेय. आधी सगळ्यांकडून अंदाज लिहून घेणार. त्यासाठी चांगले चुकीचे पर्याय कुणाला सुचत असतील तर आज रात्रीपर्यंत इथे लिहा.